आधी आर्गॉन, मग आपला प्रश्न

संगणकावर रेणूंचे सिम्युलेशन करायला बसलेल्या विद्यार्थ्याचे आज सुरुवातीला फारसे काही अडत नाही. लॅम्प्स आणि ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचे प्रोग्रॅम फुकट मिळतात. इनपुट फाइल कुणा सीनियरकडून मिळते. संध्याकाळी रन लावला की सकाळी आलेख काढता येतो. अडचण त्यानंतर सुरू होते. समोर आलेला आकडा खरा मानायचा की नाही, हे ठरवायचे कशावरून? प्रयोगशाळेत काही बिघडले तर रसायनाचा रंग तरी चुकतो. संगणक मात्र चुकीच्या इनपुटचे उत्तरही तितक्याच नीटनेटक्या दशांशांत देतो, आणि तो आकडा प्रबंधात, मग शोधनिबंधात, मग दुसऱ्या कुणाच्या इनपुट फाइलमध्ये जाऊन बसतो.

एम.एस्सी.चा प्रकल्प हाती घेतलेले विद्यार्थी, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातले संशोधक आणि स्वतः शिकत शिकत शिकवणारे महाविद्यालयातले प्राध्यापक यांना माझा एकच आग्रह आहे. आपले प्रथिन, आपला पॉलिमर, आपल्या बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट दोन आठवडे बाजूला ठेवा आणि तेवढ्या दिवसांत द्रव आर्गॉन करा. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच माहीत आहे तो प्रश्न आपल्या हाताने, आपल्या संगणकावर, आपल्या प्रोग्रॅमला विचारून पाहा. उत्तर जुळले नाही तर का जुळले नाही हे सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. हे दोन आठवडे वाया जातात असे अनेक मार्गदर्शकांना वाटते. मला ते संपूर्ण पीएच.डी.तले सर्वांत कमाईचे दिवस वाटतात.

आर्गॉनच का, याचे उत्तर एका माणसाच्या कामात आहे. अनीसुर रहमान यांचा जन्म १९२७ साली हैदराबादला झाला. केंब्रिजला शिकून, बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते परतले, उस्मानिया विद्यापीठात त्यांनी शिकवले आणि १९६० साली अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रुजू झाले. (प्रयोगशाळेचे नाव आणि वायूचे नाव देवनागरीत सारखे दिसले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.) त्याआधी १९५७ साली आल्डर आणि वेनराइट यांनी एकमेकांवर आपटणाऱ्या कडक गोळ्यांची गती संगणकावर काढून दाखवली होती. रहमान यांनी १९६४ साली फिजिकल रिव्ह्यूमध्ये जे छापले ते त्याच्या पुढचे पाऊल होते. त्यांच्या अणूंमधली बले अंतराप्रमाणे सलग बदलत होती आणि खऱ्या द्रवाशी मेळ घालता येईल इतकी वास्तव होती. कंट्रोल डेटा कंपनीच्या ३६०० या संगणकावर त्यांनी ८६४ अणूंचा मागोवा घेतला आणि द्रवात अणू कसे हलतात हे पहिल्यांदा अणूगणिक दिसले. आजच्या साध्या लॅपटॉपवर हेच काम चहा होईपर्यंत उरकते.

रहमान यांचा हा शोधनिबंध सरावाला निवडण्याचे खरे कारण म्हणजे त्यात सगळे लिहिलेले आहे. लेनर्ड-जोन्स विभव, सिग्मा ३.४ अँगस्ट्रॉम, एप्सिलॉन १२० केल्विनच्या तोलाचा, तापमान ९४.४ केल्विन, घनता १.३७४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, पेटीची बाजू १०.२२९ सिग्मा, बल मोजण्याची मर्यादा म्हणजे कटऑफ २.२५ सिग्मा, टाइमस्टेप १० फेम्टोसेकंद. उत्तरेही तिथेच आहेत. विसरण गुणांक २.४३ (गुणिले दहाचा उणे पाचवा घात, चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद), आणि शेजाऱ्यांच्या वितरणाचे पहिले शिखर ३.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास. आधी कागदावर एवढे उतरवून घ्या. ८६४ हा आकडाही हवेतून आलेला नाही. फलककेंद्री घन जाळीच्या एका कोठ्यात चार अणू असतात आणि सहा गुणिले सहा गुणिले सहा कोठे मांडले की ८६४ होतात. तुमच्या आरंभरचनेत ८६३ किंवा ८६५ अणू दिसले, तर पुढे जायची गरज नाही, चूक तिथेच आहे.

आता पहिला अडथळा. पेटीची बाजू १०.२२९ सिग्मा म्हणजे ३४.७८ अँगस्ट्रॉम घ्या, आर्गॉनचा अणुभार ३९.९५ घ्या, आजच्या अणुवस्तुमान एककाने घनता मोजा. १.३६ येते. निबंधात तर १.३७४ आहे. अनेक विद्यार्थी इथे खांदे उडवून पुढे जातात, कारण फरक एक टक्क्याहून कमी आहे. थांबा आणि शोधा. रहमान यांनी अणूचे वस्तुमान ३९.९५ गुणिले १.६७४७ असे घेतले होते (दहाचा उणे चोविसावा घात ग्रॅम), तर आज त्या जागी आपण १.६६०५ घेतो. त्या आकड्याने गुणून बघा, घनता बरोबर १.३७४ येते. म्हणजे दोन वाटा उरतात. पेटी त्यांची ठेवली तर अणूंची गर्दी त्यांच्याइतकीच राहते. घनता ग्रॅममध्ये त्यांची ठेवली तर पेटी १०.२० सिग्मापर्यंत आकसते, अणू थोडे जास्त दाटतात, आणि द्रव सहजी दबत नसल्यामुळे एवढ्याशा फरकाने दाब चांगलाच बदलतो. तुलना करायची तर पेटी त्यांची ठेवायची. हे तुम्हाला कळले ते कशामुळे? साठ वर्षांपूर्वी एका माणसाने गुणक चार दशांशांपर्यंत लिहून ठेवला म्हणून. ‘आर्गॉनचे प्रमाणित वस्तुमान वापरले’ एवढेच त्यांनी लिहिले असते तर हा फरक कायमचा गूढ राहिला असता. तुमच्या प्रबंधातल्या पद्धती-प्रकरणात काय काय लिहायचे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

एककांचेही तसेच. लॅम्प्समध्ये एककांचे अनेक संच आहेत. एका संचात वेळ फेम्टोसेकंदांत, दुसऱ्यात पिकोसेकंदांत, तिसऱ्यात तर काहीच एकक नसलेली मोजमापे. सीनियरची फाइल एका संचातली आणि तुमचे आकडे दुसऱ्या संचातले असले की दहा फेम्टोसेकंदांचे दहा पिकोसेकंद होतात आणि अणू पेटीबाहेर उडतात. ती चूक निदान दिसते. एप्सिलॉन चुकला तर काहीच उडत नाही, फक्त द्रव दुसराच होतो. म्हणून रन लावण्याआधी हाताने हिशोब करा. १२० केल्विनचा एप्सिलॉन म्हणजे मोलमागे ०.९९८ किलोजूल, म्हणजेच ०.२३८ किलोकॅलरी. एककरहित मोजमापांत तापमान ०.७८७, घनता ०.८०७ आणि दहा फेम्टोसेकंद म्हणजे साधारण ०.००४६. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर हवेत. प्रोग्रॅम सुरू होताना तो स्वतःला काय समजले ते लॉग फाइलमध्ये छापतो, तिथे हेच आकडे दिसतात का ते ओळीओळीने पडताळा. लॉग फाइल वाचण्याची सवय लागलेला विद्यार्थी आणि न लागलेला विद्यार्थी यांच्यातला फरक सहा महिन्यांत लख्ख दिसतो.

आता अणू हलवू. आरंभी जाळी सुबक मांडलेली असते आणि अणूंना तुम्ही ९४.४ केल्विनला साजेसे वेग देता. पहिल्या काही शे फेम्टोसेकंदांतच तापमान निम्म्याजवळ घसरते. घाबरू नका, हे व्हायलाच हवे. सुरुवातीला सगळी हालचाल गतिज ऊर्जेत असते आणि अणू जागेवरून सरकताच तिचा निम्मा भाग स्थितिज ऊर्जेत जातो. म्हणून जाळी आधी चांगली तापवून वितळवायची, मग सावकाश ९४.४ वर आणायची. वितळली की नाही हे डोळ्याने ठरवू नका. घन पदार्थात अणूंचे सरासरी वर्गविस्थापन थोडे वाढून एका उंचीवर थांबते, द्रवात ते चढतच राहते. तो आलेख काढा. आणि समतोल येईपर्यंतचा भाग निकालातून वगळा, कितीही मोठा असला तरी. किती वगळायचा, हे ऊर्जा आणि दाब या दोन्हींच्या आलेखांवरून ठरवा. नुसत्या तापमानावरून ठरवू नका, तापमान सगळ्यांत आधी स्थिरावते आणि म्हणूनच ते फसवे असते.

एवढे झाले की तापमान आवरून धरणारा थर्मोस्टॅट काढून टाका. अणूंना आपापसात सोडून द्या आणि एकूण ऊर्जा बघत बसा. बाहेरून काही मिळत नाही, बाहेर काही जात नाही, तेव्हा एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी. व्हर्ले पद्धतीने गती काढली असेल तर ती किंचित थरथरते, पण एका दिशेला वाहत जाता कामा नये. आता टाइमस्टेप निम्मा करा. थरथर एक चतुर्थांश झाली पाहिजे. पुन्हा निम्मा केला तर सोळावा हिस्सा. ही चाचणी मला सर्व चाचण्यांत लाडकी आहे, कारण तिच्यात कुणाच्या मताला जागा नाही. निम्म्याला चौथा हिस्सा हे गणित आहे, ते जमते किंवा जमत नाही.

आर्गॉनमध्ये बहुधा पहिल्या फटक्यात जमत नाही, आणि तिथेच खरे शिक्षण सुरू होते. दोषी असतो कटऑफ. २.२५ सिग्मावर विभव शून्य नसते, उणे ०.०३ एप्सिलॉन असते. एखादी जोडी ती सीमा ओलांडते तेव्हा ऊर्जेत तेवढी पायरी पडते, आणि ८६४ अणूंत अशा जोड्या सतत ये-जा करत असतात. टाइमस्टेप कितीही लहान केला तरी या पायऱ्या तशाच राहतात. उपाय म्हणून संपूर्ण विभव तेवढे वर सरकवतात, म्हणजे सीमेवर ते शून्य होते. बलातली बारीकशी उडी मात्र राहते, तीही घालवायची तर विभव सीमेजवळ हळूहळू शून्यावर आणणारे पर्याय आहेत.

आणि इथे एक सापळा आहे. ग्रोमॅक्स हे सरकवणे न सांगता करते. लॅम्प्स सांगितल्याशिवाय करत नाही. कटऑफच्या आत प्रत्येक अणूभोवती सुमारे अडतीस शेजारी असतात, त्यामुळे दर अणूमागे ऊर्जेत साधारण ०.६ एप्सिलॉनचा फरक पडतो, म्हणजे एकूण स्थितिज ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्याइतका. दोन मित्र, एकच द्रव, एकच सिग्मा, एकच एप्सिलॉन, आणि ऊर्जा दहा टक्क्यांनी वेगळी. दोघांचेही बरोबर असते, फक्त आपल्या प्रोग्रॅमने न विचारता काय केले हे दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून शक्य असेल तर तीच गोष्ट दोन्ही प्रोग्रॅमवर करा. दुसरा प्रोग्रॅम शिकायला लागणारा आठवडा तुम्हाला पहिल्या प्रोग्रॅमच्या मुकाट सवयी शिकवतो.

थर्मोस्टॅटबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण या एका गोष्टीने पुष्कळ संशोधकांना गंडवले आहे. १९८४ साली बेरेंडसेन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली रीत अत्यंत सोपी आहे. तापमान कमी वाटले की सगळे वेग थोडे वाढवायचे, जास्त वाटले की थोडे कमी करायचे. तापमानाचा आलेख मग सरळ रेषेसारखा देखणा येतो. तो देखणेपणाच संशय घ्यायला पुरेसा आहे. ८६४ अणूंच्या पेटीत ९४.४ केल्विनला तापमान सुमारे २.८ टक्क्यांनी, म्हणजे अडीच केल्विनहून थोडे अधिक, वरखाली व्हायलाच हवे, ते संख्याभौतिकीचे देणे आहे. तुमचे त्याहून खूप कमी हलत असेल तर तुमची पेटी ज्या अवस्थेचे नमुने देते म्हणून तुम्ही सांगता, त्या अवस्थेचे ते नमुने नाहीत. आर्गॉनमध्ये त्याचा फारसा फटका बसत नाही. प्रथिनांमध्ये बसतो. १९९८ साली हार्वे, टॅन आणि चीटम यांनी दाखवले की वेग असे ताणत राहिल्यास आतल्या कंपनांची ऊर्जा हळूहळू गळून संपूर्ण रेणूच्या सरकण्यात जमा होते. थर्मामीटर योग्य तापमान दाखवतो आणि आत गोठलेला रेणू एकसंध दगडासारखा पेटीतून उडत असतो. त्यांनी याला उडता बर्फाचा तुकडा म्हटले.

म्हणून समतोल आणेपर्यंत बेरेंडसेन चालेल, नमुने गोळा करताना नको. तेव्हा नोसे-हूव्हर किंवा २००७ साली बुसी, डोनाडिओ आणि परिनेल्लो यांनी दिलेली सुधारित रीत वापरा. आणि एक तपासणी कायमची लावून घ्या. तापमान एकत्रित न मोजता तुकड्यांत मोजा. द्रावकाचे वेगळे, विरघळलेल्या रेणूचे वेगळे, सरकण्याचे वेगळे, फिरण्याचे वेगळे. समतोलात ही सगळी तापमाने सारखी असली पाहिजेत. या तपासणीला दोन ओळी लागतात. तिची किंमत किती असू शकते ते पुढे येईल.

विसरण गुणांक काढताना एकच गोष्ट जपा. आवर्ती सीमेमुळे उजवीकडून बाहेर गेलेला अणू डावीकडून आत येतो. फाइलमध्ये आत आलेले स्थान लिहिले असेल आणि तुम्ही त्यावरूनच विस्थापन काढले, तर अणू पेटीपेक्षा लांब कधीच जात नाही आणि आलेख काही काळाने विनाकारण वाकतो. सलग स्थाने मागून घ्या. मग सरासरी वर्गविस्थापनाचा चढ दर पिकोसेकंदाला सुमारे १.४६ चौरस अँगस्ट्रॉम यायला हवा, त्याला सहाने भागले की ०.२४३, आणि एकक बदलले की रहमान यांचे २.४३. पहिल्यांदा हा आकडा आपल्या पडद्यावर उतरतो तेव्हा जो आनंद होतो तो जरूर घ्या. मग लगेच विचारा, अधिक-उणे किती?

एरर बारशिवाय आकडा म्हणजे अर्धे वाक्य. सिम्युलेशनमधले लागोपाठचे नमुने एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. दर दहा फेम्टोसेकंदांना एक असे एक लाख नमुने घेतले तरी स्वतंत्र माहिती त्यात फार थोडी असते. सरळ सूत्र लावले तर एरर बार हास्यास्पदरीत्या लहान येतो. मालिकेचे तुकडे पाडा, तुकड्यांच्या सरासऱ्या घ्या, तुकडे मोठे करत जा. एरर बार वाढत जाऊन एका जागी थांबतो, तो खरा. १९८९ साली फ्लीव्हबर्ग आणि पीटरसन यांनी ही रीत नीट मांडली आहे, मूळ निबंध वाचण्याजोगा आहे. त्याहून खात्रीचे म्हणजे वेगवेगळ्या सीडने वेगवेगळे पाच रन करणे. एक लांब रन की पाच लहान, असा प्रश्न आला तर मी नेहमी पाच म्हणेन, कारण एक लांब रन एकाच खड्ड्यात अडकून बसला तर ते त्याच्याकडूनच तुम्हाला कळू शकत नाही. शिवाय पेटीचा आकारही बदलून पाहा. आवर्ती पेटीत विसरण गुणांक खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो आणि पेटी मोठी होत जाते तशी ही तूट बाजूच्या व्यस्त प्रमाणात घटते. तीन आकारांचे आकडे घेऊन सरळ रेषा काढली की अनंत पेटीचे उत्तर मिळते.

काही विद्यार्थी वेगळ्याच कारणाने हबकतात. कालचा रन आज पुन्हा लावला, सीडही तोच, फक्त चार कोअरऐवजी आठ कोअर, आणि अणूंची स्थाने पूर्ण वेगळी. काही बिघडलेले नाही. संगणकातली बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर शेवटचा अंक अवलंबून असतो, आणि अनेक कणांच्या गतीत तो शेवटचा अंक झपाट्याने वाढतो. एडवर्ड लोरेंझ यांना हे १९६१ साली हवामानाच्या छोट्या मॉडेलमध्ये दिसले. रन मधूनच सुरू करण्यासाठी त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा दिला, यंत्राच्या स्मृतीत तो ०.५०६१२७ होता, आणि थोड्याच काळात दोन हवामाने पार वेगळी झाली. तेव्हा मार्गांची तुलना करू नका, सरासऱ्यांची करा. मार्ग वेगळे आणि सरासऱ्या एरर बारच्या आत सारख्या, हेच अपेक्षित आहे. सरासऱ्याही वेगळ्या आल्या तर मात्र झोप उडायला हवी.

अनपेक्षित निकाल आला तर तो शोध मानायचा की चूक? लॉस अलामॉसला १९५०च्या दशकात फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी मॅनिअॅक संगणकावर स्प्रिंगने जोडलेल्या कणांची साखळी हलवून पाहिली. प्रोग्रॅम मेरी त्सिंगू यांनी लिहिला होता, हे श्रेय त्यांना कित्येक दशकांनी मिळाले. ऊर्जा सगळ्या कंपनांत सारखी वाटली जाईल असे सगळ्यांना वाटत होते. ती थोडी पसरली आणि मग जवळजवळ जिथून निघाली तिथे परत आली. तो खरा शोध होता आणि त्यातून अरेषीय भौतिकीची मोठी शाखा उभी राहिली. असा दिवस तुमच्याही वाट्याला येवो. पण तोपर्यंत अनपेक्षित निकालाला चूक समजूनच वागवा. टाइमस्टेप बदला, पेटी बदला, सीड बदला, प्रोग्रॅम बदला, दुसऱ्या माणसाला तुमची फाइल न दाखवता फक्त वर्णनावरून तेच करायला सांगा. या सगळ्यांतून तो टिकला तर मग आनंद करा.

दुसऱ्या माणसाचे काम इथे फार मोलाचे असते. अतिशीत पाण्याच्या वादात ते साऱ्या क्षेत्राने पाहिले. रहमान यांनीच स्टिलिंजर यांच्याबरोबर १९७४ साली पाण्याचे एसटी-टू नावाचे मॉडेल दिले होते. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली या मॉडेलमधले पाणी दोन निरनिराळ्या द्रवांत विभागते का, असा प्रश्न होता. २०११ साली बर्कलेच्या लिमर आणि चँडलर यांनी नाही म्हटले. जे दुसरा द्रव वाटते ते स्फटिक होऊ घातलेले पाणी आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रिन्स्टनचे डेबेनेडेट्टी आणि त्यांचे सहकारी यांना मात्र दोन द्रव मिळत होते, २०१४ साली त्यांनी नेचरमध्ये तसे छापले. दोन्ही गट नामांकित, दोन्ही गटांना आपल्या हिशोबाची खात्री. वाद वर्षानुवर्षे चालला. बर्कलेचा प्रोग्रॅम तपासायला मिळाला तेव्हा उलगडा झाला. त्यात छोट्या छोट्या धावा सुरू करताना रेणूंना वेग देण्याची रीत चुकलेली होती, त्यामुळे नमुने योग्य वितरणातून येत नव्हते. २०१८ साली हे सविस्तर छापून आले. सरकण्याचे तापमान वेगळे आणि फिरण्याचे वेगळे मोजण्याची जी दोन ओळींची तपासणी वर सांगितली, ती अशाच चुका पकडते.

तेव्हा प्रोग्रॅम आणि फाइली पहिल्या दिवसापासून अशा ठेवा की कुणीही मागितल्या तर त्याच संध्याकाळी देता येतील. एका रनचे एक फोल्डर. त्यात आरंभरचना, इनपुट फाइल, बलांचे सर्व आकडे, सीड, प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, कोणत्या यंत्रावर किती कोअर वापरले ते, संपूर्ण लॉग फाइल, आणि आलेख काढणारी स्क्रिप्ट. एक छोटी मजकुराची फाइल, तिच्यात तीन-चार वाक्ये: हा रन का लावला, काय अपेक्षित होते, काय आले. फसलेले रनही पुसू नका, त्यांच्या फोल्डरच्या नावातच ते फसल्याचे लिहा. फाइलींच्या बदलांचा इतिहास गिटमध्ये ठेवा. ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरोखर अंतिम’ अशी नावे दिसू लागली की गिट शिकायला उशीर झाला म्हणून समजा. लिनक्स आणि पायथनची ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही मिळतात. लहान गावातल्या महाविद्यालयातल्या मुलांना ते मी आवर्जून सुचवतो, भाषेमुळे अडलेले अनेक हात त्याने मोकळे होतात.

मदत मागतानाही हीच शिस्त उपयोगी पडते. ‘सर, रन क्रॅश होतोय’ यावर कोणताही सर काही करू शकत नाही. बिघाड ज्यात दिसतो अशी लहानात लहान पेटी बनवा. वीस हजार अणूंत होत असेल तर दोनशेत होतो का पाहा, प्रथिन काढून नुसत्या पाण्यात होतो का पाहा. मग इनपुट फाइल, लॉग फाइलचे शेवटचे पान आणि तुम्ही आतापर्यंत काय काय बदलून पाहिले ते घेऊन जा. पेटी लहान करता करता निम्म्या वेळा चूक तुमची तुम्हालाच सापडते.

मोठ्या यंत्राकडे जायची घाई करू नका. पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक १९९१ साली उभा केला तेव्हा अशा यंत्रावर वेळ मिळणे ही मूठभर संशोधकांची गोष्ट होती. आज राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमुळे आयसर पुण्यातल्या परम ब्रह्मसारखी यंत्रे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली आहेत. ती सगळ्यांची आहेत, आणि क्यूमध्ये तुमच्यामागे कुणीतरी दिवसचे दिवस थांबलेले असते. आधी आपल्या यंत्रावर छोटा रन पूर्ण चालवा. मग मोठ्या यंत्रावर कोअर दुप्पट करत जा आणि वेग प्रत्यक्ष किती वाढतो ते मोजा. ८६४ अणूंना शंभर कोअर दिले तर ते कोअर एकमेकांना निरोप पाठवण्यातच वेळ घालवतील. वेग जिथे वाढायचा थांबतो त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. मधूनच वीज गेली किंवा वेळ संपली तर जिथून रन पुन्हा उचलता येईल अशी फाइल ठराविक अंतराने लिहिली जाते का, ते मुद्दाम एक रन मध्येच मारून आणि पुन्हा सुरू करून पाहा. आणि मग, हे सगळे आर्गॉनवर एकदा जमले की, तीच चाचण्यांची वही उघडून आपल्या प्रथिनाचा पहिला रन लावा: आधी थर्मोस्टॅटशिवाय ऊर्जा, मग तुकड्यांतले तापमान, मग पाच सीड. पाण्यातल्या हायड्रोजनच्या बंधांची कंपने फार वेगवान असतात, म्हणून इथे टाइमस्टेप दहा फेम्टोसेकंद चालणार नाही. बंध बांधून घेतले असतील तर दोनवर, नाहीतर एकवर सुरुवात करा.